हितं आपण व्हतो

आबा, आज शिनोलीच्या रस्त्यावर माझी गाडी मेंढरांनी अडवली. पुढे घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड, मागे तुमच्यासारखंच लाल पागोटं घातलेला म्हातारा. मी काच खाली केली तर म्हणाला, "वाईच दम धरा ताई. तळेघरला भात निघालंय, वावरं मोकळी झाल्यात." मी म्हटलं, जाऊ द्या सावकाश, मला घाई नाही. घाई होती खरं तर. घोडेगावच्या एका शाळेत ग्रह कसे जन्मतात ते मुलांना सांगायला निघाले होते. पण मेंढरांचा वास गाडीत शिरला आणि मी नुसती बसून राहिले. लहानपणी मी कळपाच्या पुढे पळाले की तुम्ही रागवायचात, "म्होरं पळू नको गं, मेंढरू चरंल तसं चालायचं." तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. तिच्याकडे आज तुमच्याच चालीनं येते.

मी पोटापाण्यासाठी काय करते, हे तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही. नवा तारा पेटतो ना, तेव्हा त्याच्याभोवती धुळीची आणि वायूची मोठी चकती फिरत असते. धुळीचे कण एकमेकांना चिकटतात, कणांचे खडे होतात, खड्यांचे धोंडे, आणि लाखो वर्षांनी त्यातूनच ग्रह. हे पुस्तकात असतंच. मला वेड लागलं ते त्याच्या पुढच्या भागाचं. ग्रह जिथं जन्मतो तिथंच राहतो असं नाही. भोवतीचा वायू त्याला ओढत राहतो आणि तो हळूहळू, कुणाच्या लक्षातही येणार नाही असा, ताऱ्याकडे सरकत जातो. आपला गुरूसुद्धा तरुणपणी सूर्याच्या बराच जवळ आला असावा, मागून शनी आला, दोघं एकमेकांच्या चालीत गुंतले आणि जोडीनं माघारी फिरले, असं आमच्यातल्या काही जणांना वाटतं. हे गणित पहिल्यांदा संगणकावर फिरताना पाहिलं तेव्हा मला दिवाळीनंतरचा माळशेज घाट दिसला. तुम्ही आणि आई कळप घेऊन कोकणात उतरताय आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा वर चढताय. दुपारभर मी त्या पडद्यासमोर बसून होते.

आणखी एक. ते कोवळे ग्रह बहुतेकदा दिसत नाहीत. दिसते ती चकतीतली काळी, रिकामी कडी. ग्रहानं आपल्या वाटेवरची धूळ बाजूला सारलेली असते, म्हणून कडी दिसली की आम्ही म्हणतो, इथं कुणीतरी असावं. हे मला नवीन नव्हतं. पिंपरी पेंढारच्या खालच्या अंगाला एका शेतकऱ्याच्या वावरात पेरणीआधी आपण खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. त्या श्रावणात मी तुमच्या खांद्यावर आहे, आणि सगळ्या बाजरीच्या मधोमध एक गोल तेवढा काळाभोर, बाकीच्यापेक्षा हातभर उंच उभा आहे. मेंढ्यांभोवती आपण वाघर, म्हणजे जाळं, लावलं होतं, बरोबर तेवढाच गोल. तुम्ही बोट दाखवून म्हणता, "हितं आपण व्हतो." वारा आला की तो गोल बाकीच्या शिवारापेक्षा जरा उशिरा हलतो.

आता ती गोष्ट. मी नववीत होते, आत्याकडे राहून शिकत होते. तुम्ही निघायच्या दिवशी शाळेत आलात, आपल्याच लोकरीचं नवंकोरं घोंगडं घेऊन. वर्गाच्या दारात उभे राहून म्हणालात, "थंडीचं घे अंगावर." मागच्या बाकावरच्या मुलींनी नाकाला ओढणी लावली. मी घोंगडं घेतलं, पण तुमच्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी गावाबाहेर आले तर घोडा लादून तयार होता. मी एका दमात सांगितलं, "बाई म्हणतात, आईबाप गावात नसतील तर दहावीला बसू देणार नाहीत." आई काहीतरी बोलायला लागली, तुम्ही तिला हातानं थांबवलंत. मग घोड्यावरची गाठोडी एकेक करून उतरवलीत. आठ दिवसांत तुम्ही मेंढरं विकलीत आणि ती दुसऱ्याच्या कळपात मिसळून घाट उतरली. तुम्ही लोकांच्या कांद्यात, टोमॅटोत राबायला लागलात.

बाई तसं काही म्हणाल्या नव्हत्या, आबा. मला तुमची लाज वाटली होती. दर वर्षी तुम्ही असे शाळेच्या दारात येऊन उभे राहाल, या भीतीनं मी ते रचलं.

पुढच्या वर्षी बाजारात बाई भेटल्या. तुम्ही हात जोडून म्हणालात, "तुमी सांगितलं म्हून थांबलो आमी गावात. लई बरं झालं." बाई माझ्याकडे पाहत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "बरं केलंत."  घरी येताना वेशीपाशी तुम्ही माझ्या हातातली पिशवी तेवढी घेतलीत. तुम्हाला कळलं होतं का? इतकी वर्षं मी स्वतःला हेच विचारत आले आहे, आणि आता सांगायला तुम्ही नाहीत.

आज शाळेत एका मुलीनं विचारलं, "म्याडम, मग तो ग्रह थांबतो कधी?" मी सांगितलं, भोवतीचा वायू संपला की थांबतो, जिथं असेल तिथं. सांगताना तुम्ही दिसलात, दिवाळी सरली की रस्त्याच्या कडेला उभे राहून दुसऱ्यांचे कळप जाताना बघणारे.

हा कागद मी त्या घोंगड्याच्या घडीत ठेवते आहे. त्याचा वास कधीच गेला. आणि एक राहिलंच. भाषणाआधी तिथल्या गुरुजींनी माझी ओळख करून दिली, मुलीच्या शाळेसाठी यांच्या वडिलांनी सगळी मेंढरं विकली म्हणाले. मीच कधीतरी कुठं तरी सांगितलेलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि आबा, मी आजही गप्पच बसले.