डावीकडचा लंबू

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

(ही अक्षरं बाबांनी लिहायला लावलीत. इंग्लिश मीडियमची असले तरी एवढं आलंच पाहिजे म्हणे.) फोनवर आई स्पीकर लावते आणि मग बोलणं तू जेवलास का याच्यापुढे जातच नाही, म्हणून पत्र.

तुझ्या फुटबॉल टीमच्या सगळ्या मॅचेसचे व्हिडिओ मी स्टॉपवॉच घेऊन पाहिले. चेंडू तुमच्याकडे किती वेळ, समोरच्यांकडे किती. दादा, जवळजवळ सत्तर टक्के वेळ चेंडू तुमच्याकडे! आणि त्यातही सगळ्यात जास्त तुझ्या पायाशी. तुझ्याकडून कोणाला तो काढूनच घेता येत नाही. मी मस्त रिपोर्ट बनवला आणि तुमच्या कोच सरांना ईमेल केला. ओरडू नकोस. बाबा तर आपल्या चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला चष्मा लावून आधी तो रिपोर्टच वाचायला देतात.

एकच गोष्ट कळत नाही. चेंडू सारखा तुमच्याकडे, तर मग हरता कसे?

आई-बाबा मजेत. लोभ आहेच, रिपोर्ट वाचून थोडा वाढावा.
तुझी खारूताई

११ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. आ.

वाट लावलीस माझी. सरांनी तुझा रिपोर्ट ड्रेसिंग रूमच्या दारावर चिकटवलाय. आता हुकूम असा, की प्रत्येक चेंडू माझ्याकडूनच पुढे जायचा. चेंडू आपल्याकडे असल्यावर समोरचे गोल कसा करणार, असं सर विचारत होते. काल समोरच्यांनी करून दाखवला. दोनदा.

डावीकडून खेळतो तो लंबू माझ्याशी बोलत नाही. मॅच संपल्यावर एवढंच म्हणाला, की अख्खी मॅच मी ट्रॅफिक पोलिसासारखा हात हलवत उभा होतो, तू एक पास दिला नाहीस. माझा रूममेट, आमचा गोलकीपर भिंत, म्हणतो की लंबूनं शिट्टीच घेऊन यावं.

आता मोजणं बंद कर. व्हिडिओ बघू नकोस, अभ्यास कर. मी ठणठणीत आहे असं बाबांना सांग.

माया आहे तशीच असू दे, रिपोर्ट मात्र नको.
तुझा दादा

१६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बघू नकोस म्हणालास, म्हणून सगळे परत पाहिले. प्रॅक्टिस मॅचमध्ये तुला डाव्या डोळ्यावर कोपर लागलं होतं ना? त्याच्या आधी तू लंबूला भरपूर पास देत होतास. त्यानंतर जवळपास नाहीच. चेंडू येतो, तू उजवीकडे वळतोस, नाहीतर मागे देतोस. मग चेंडू आपल्याकडेच राहणार ना! पण पुढे जातच नाही. आणि मी त्याचे टक्के काढून नाचत होते.

परवाच्या मॅचमध्ये एक चेंडू डावीकडून थेट तुझ्या कानावर आला. मी तो तुकडा पॉज करून करून पाहिला. दादा, तू डोळे मिटले नाहीस. मान हलवली नाहीस. लागल्यावर दचकलास.

मी बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की मार लागल्यावर एखाद्याला एका बाजूचं दिसेनासं झालं तर? त्यांनी हातातला बारका स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आतला पडदा सुटत असेल, म्हणाले. त्यानं धावू नये, चेंडू डोक्यावर तर अजिबात घेऊ नये, तडक डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये जावं. उशीर झाला तर डोळा जातो. मग कोणाचं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, मैत्रिणीच्या भावाचं.

मला खूप भीती वाटतेय. तुला फोन केला तर रेंज नाही म्हणून ठेवलास. रेंज होती, दादा. मागे भिंत गाणं म्हणत होता, ते स्वच्छ ऐकू आलं.

उत्तर दे. बाकी काही नको.
खारूताई

२० फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. आ.

खरं आहे. आधी काजवे चमकल्यासारखं व्हायचं. आता डाव्या कडेला काळं पडलंय, आणि ते रोज थोडं आत सरकतं. चेंडू पायाशी असला की बरं वाटतं, निदान तो कुठे आहे हे तरी माहीत असतं. सोडला की भीती. डावीकडून कोण येतंय तेच कळत नाही.

रविवारी शेवटची मॅच. हरलो तर टीम खालच्या डिव्हिजनला जाईल आणि माझं कॉन्ट्रॅक्ट संपेल. तेवढी खेळू दे, सोमवारी मी स्वतः दवाखान्यात जातो. बाबांना सांगू नकोस. चष्मेवाल्याच्या मुलानंच डोळा लपवला, हे त्यांना सहन व्हायचं नाही.

एवढं ऐक. पुढे जन्मभर तू म्हणशील ते.
दादा

२२ फेब्रुवारी

ती. दादास,

हे पत्र बाबांच्या खिशातून येतंय. मी सांगितलं. समोर एक बाई नंबर तपासायला बसल्या होत्या, त्यांची माफी मागून बाबांनी शटर ओढलं आणि थेट बस पकडली.

जन्मभर नाही बोललास तरी चालेल. त्यांच्याबरोबर जा.
खारूताई

२ मार्च

चि. खारूताईस,
अ. आ.

अक्षर भिंतचं आहे, चुका त्याच्याच समज. ऑपरेशन झालं. मला दिवसभर पालथं पडून राहायचंय, जमीन सोडून काही बघायचं नाही. तुझ्यावर चिडायचं ठरवलं होतं, पण पालथं पडून नीट चिडता येत नाही.

मॅच फोनवर ऐकली. चेंडू जवळजवळ सगळा वेळ समोरच्यांकडेच होता. भिंतला जन्मात एवढं काम पडलं नव्हतं, हे वाक्य त्यानं स्वतःच घातलंय. एकदाच चेंडू सुटून डावीकडे गेला. लंबू उभाच होता. एक-शून्य. आम्ही वाचलो. माझं कॉन्ट्रॅक्ट डॉक्टर काय म्हणतात त्यावर, असं सरांनी सांगितलंय. तुझा रिपोर्ट त्यांनी दारावरून काढला.

गुरुवारी पट्टी काढणार. बाबा शेजारी बसून असतात. दुकानात ते प्रत्येकाला ‘आता छान दिसेल’ म्हणून सांगतात. मला अजून एकदाही म्हणाले नाहीत.

तू ये. पट्टी निघेल तेव्हा माझ्या डावीकडे उभी राहा आणि लंबूसारखे हात हलव. बोलू नकोस, पाय वाजवू नकोस. तिथे कोणी आहे का, ते मला सांगू दे.

लोभ किती आहे ते मोजू नकोस, फक्त ये.
तुझा दादा