खिळ्यावरचा बिल्ला

४ मार्च

चि. बारक्या यास अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिले, मनात दुसरंच आहे. परवा वाट चुकलेले मास्तर दरीत सापडले, आपण त्यांना स्ट्रेचरवरून रस्त्यापर्यंत आणलं, आणि तू कुणाला न सांगता घरी जाऊन ताणून दिलीस. फोनही बंद! इकडे बचाव पथकाच्या शेडमधल्या फळ्यावर तुझा बिल्ला तसाच. डोंगरावर जाताना बिल्ला खिळ्याला लावायचा, उतरल्यावर आपल्या हाताने काढायचा, हे पथकात आल्या दिवशीच शिकवलं होतं ना? बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस वर आहे. दमलेली नऊ माणसं तुला शोधायला परत चढली. त्यात तुझे भावोजी घसरले, पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर.

पथकातून तुझं नाव काढलंय. ते प्रमुख म्हणून. बहीण म्हणून दोन थोबाडीत द्यायच्या राहिल्यात.

— ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

भावोजींसाठी फळं पाठवतोय. तुला काही नाही.

नाव काढण्याआधी एकदा विचारायचंस तरी! स्ट्रेचरच्या दोरीने माझे दोन्ही हात सोलले होते. रस्त्यावरच पट्ट्या बांधून घेतल्या, समोर दूधवाल्याची गाडी मिळाली, आणि निघताना भावोजींना सांगितलं, की शेडवर गेलात की माझा बिल्ला काढा. ते चहा गाळत होते, हो म्हणाले. फोनची बॅटरी संपली होती. ते पडले म्हणून मी गप्प बसलो. पण आठ वर्षं तुझ्यामागून काटेकुटे तुडवले आणि तू मला एका ओळीत उपटून टाकलंस, हे मी गिळणार नाही.

तुझा (अजून तरी) भाऊ

१३ मार्च

चि. बारक्या यास अ. उ. आ.

तुझ्या भावोजींना विचारलं. तू पाठवलेल्या फळाची हातातली फोड खाली ठेवून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चढताना अर्ध्या वाटेवर त्यांना तुझं सांगणं आठवलं, सगळ्यांना परत बोलवायला धावत सुटले आणि तिथेच पडले. इतके दिवस हे माझ्यापासून लपवलं! मी इतकी ओरडले की शेजारीण दार वाजवायला आली.

मग ते एवढंच म्हणाले, की लग्नापासून त्यांचा बिल्ला मीच काढत आलेय, माझा काढताना त्यांचाही. खरंय. नियम मीच शिकवायचा आणि मीच तुम्हा सगळ्यांसमोर मोडायचा.

राग गेलेला नाही. त्यांच्यावर आहे, तुझ्यावर आहे, सगळ्यात जास्त माझ्यावर. काल पथकासमोर हे सांगितलं आणि तुझं नाव परत लिहिलं.

तुझा बिल्ला अजून त्याच खिळ्यावर आहे, कुणाला हात लावू दिलेला नाही. ये आणि स्वतः काढ. शेजारी भावोजींचाही लटकतोय, या वेळी मी तो काढलेला नाही. प्लास्टर सुटलं की ते चालत येतील आणि आपल्या हाताने काढतील, तोवर राहील तिथेच.

लोभ मागायला तोंड नाही, तरी असू दे.

— ताई