इराच्या बॅगेत न मावलेला ळ

जानकीपुरम, लखनौ. शुक्रवार, संध्याकाळ

साताऱ्याच्या शाळेत आम्ही सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचो आणि ‘आभाळ’ आलं की शेवटचा ळ पार कौलांपर्यंत घुमायचा. आज दिवसभर तोच कानात आहे.

माझी नात इरा परवा केनियाला निघतेय. कॉलेजची मुलं तिथल्या एका शाळेत शिकवायला जाणार आहेत आणि प्रत्येकानं घरच्या भाषेतली एक कविता न्यायची आहे. मी आपली तीच काढली. बॅग भरता भरता तिनं म्हणून पाहिली. आभाल. बगला. जांभूल!

"बगळा गं! जीभ मागे वळव."

"आजोबा, मुड़ ही नहीं रही! आप ही बैग में बैठ जाइए, यार."

हसलो खरा. पण तिनं कागद बाजूला ठेवला, हिंदीतलीच एखादी नेते म्हणाली. तिचंही बरोबर आहे. लखनौत वाढलेल्या जिभेला ळ कुठून यावा? आणि केनियातल्या पोरांना जमला असता का तो? कसा म्हटला असता त्यांनी? आता कळायचं नाही. कविता माझ्यापाशीच राहणार, एवढं मात्र लागलं मनाला.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. दारात एक अनोळखी मुलगी, हातात बॅग तोलायचा काटा.

"नमस्ते दादाजी, इरा है? मैं रम्या, उसी के साथ जा रही हूँ. केरळ से हूँ."

केरळ! असा गोल, भरलेला ळ!

आत ये म्हणायचंही राहिलं. "बेटा," मी म्हणालो, "एक कविता पढ़ोगी?"