दोघांचा पडदा

दि. ९ मार्च, रविवार, दुपार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. वहिनीला अजून पाहिलेलं नाही, म्हणून तिला जरा जास्तच. आम्ही दोघी बऱ्या आहोत. मी अजून त्याच लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. आईने शिवणकारखान्यातलं कापड कापायचं काम सोडलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. निदान हातात तरी घेशील.

काम असं आहे, की मी एक टॅबलेट घेतलाय. दुकानातला सगळ्यात साधा. त्यावर इम्युलेटर टाकला, म्हणजे तुझ्या जुन्या खेळाच्या डब्याची नक्कल करणारं ते ॲप. तुझा डबा माळ्यावरून काढून पाहिला होता, पण तो डिस्क आत घेतो, घरघरतो आणि परत बाहेर ढकलतो. आईला तो मोटारबोटींच्या शर्यतीचा खेळ हवा होता. तुम्ही दोघं जमिनीवर मांडी घालून खेळायचात, आणि मी मागून "मला कधी, मला कधी" अशी भुणभुण लावायचे, तो.

एकट्याने खेळलं तर टॅबलेट छान चालतो. पण आईला एकटीने खेळायचंच नसतं. दोघांचा खेळ लावला की पडदा मधोमध दुभागतो, त्याला एका वेळी दोन शर्यती रंगवाव्या लागतात आणि तिथे बिचाऱ्याची दमछाक होते. बोटी चिखलातून चालल्यासारख्या चालतात. आवाज तुटतो. दहा मिनिटांत पाठ तापते, मग आणखीच रडगाणं. मी चित्राची बारकाई कमी केली, मधल्या फ्रेम गाळायला लावल्या, बाकीची ॲप बंद केली. शेवटी मागचं कव्हर काढून त्याला टेबलफॅनसमोर धरून बसले. आई म्हणाली, "ठमे, खेळतेयस की त्याला वाळवतेयस?"

तर काय करावं ते कळव. तुझं शिक्षणच त्यातलं.

तू म्हणशील, आईला या वयात खेळ कशाला? डॉक्टरीणबाईंनी तिला बोटं हलती ठेवायला सांगितलंय. अंगठे थोडे ऐकत नाहीत. मागच्या वर्षी कामावर कात्री हातातून निसटली, तेव्हा तिने कात्रीलाच चार शिव्या हासडल्या. मग कप निसटला. मग जिन्यात पाय. जीभही थोडी जड झालीय.

"थोडी" हा शब्द मी उगीच लिहिला.

दादा, तिच्या नसा स्नायूंना हुकूम द्यायच्या बंद होतायत. एकेक करून. मी लॅबमधली, मला रिपोर्ट वाचता येतो. डॉक्टरीणबाईंनी "बसा" म्हणून खुर्ची पुढे केली, तोवर माझा वाचून झाला होता. यावर इलाज नाही. अवघड आहे असं नाही, नाहीच. ही जूनमधली गोष्ट. तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली. म्हणाली, "त्याच्या लग्नाला गेले नाही, हट्टाने गेले नाही. आता आजारपण दाखवून बोलावू होय? चूक माझी आहे, माझ्यापाशीच राहू दे." मी नऊ महिने शपथ पाळली.

आणि टॅबलेटचंही मी खोटं लिहिलं. तो दोन आठवड्यांपूर्वीच सुधारला. इंटरनेटवर कुणीतरी सांगितलं होतं, की इम्युलेटरची जुनी आवृत्ती टाका आणि चित्र रंगवायची पद्धत बदला. तसं केलं. दोघांचा पडदा लावला. पाणी कसं सळसळत आलं, आवाज सलग, कुठे अडखळणं नाही. मी किंचाळलेच, "आई, चालतंय!"

शिटी वाजली. माझी बोट सुटली, तिची जागची हलली नाही. मला वाटलं टॅबलेटला जोडलेल्या तिच्या रिमोटचं बटण अडकलं. पाहिलं तर तिचा अंगठा बटणावरच होता. नुसता ठेवलेला. मी त्यावर माझा अंगठा ठेवून दाबला, बोट सुटली. उचलला, थांबली. जाड कापडाचे आठ थर एका दमात कापणारा अंगठा होता तो, दादा. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "परत लाव," म्हणाली. सहा वेळा लावलं. सातव्यांदा ती म्हणाली, "थोरल्याला मी हरवायचे. विचार त्याला."

विचारते आहे. हरवायची ना रे?

आठवड्यापूर्वी डॉक्टरीणबाई घरी आल्या होत्या. पुढे श्वास अपुरा पडायला लागेल. तेव्हा गळ्याला भोक पाडून यंत्र लावायचं की नाही, ते आत्ताच ठरवून ठेवावं लागतं. त्यांनी आईला दोनदा, अगदी सावकाश विचारलं. आईने दोनदा मान हलवली. नाही. तिला आता सही करता येत नाही, म्हणून घरच्या कुणीतरी खाली सही करायची. एकाची पुरते म्हणाल्या.

कागद टेबलावर आहे. मी रोज सकाळी पेनाचं टोपण काढते, आणि परत लावते. सही केली तर मी तिला जाऊ दिलं. नाही केली, तर तिने माझ्याकडे शेवटची एक गोष्ट मागितली आणि ती मी दिली नाही. लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या आयांच्या रिपोर्टांवर फटाफट सह्या करते मी.

ये, असं लिहायला मला तोंड नाही. तिची शपथ मोडली ती मोडलीच. तिला अजून माहीत नाही. आत्ता ती खिडकीशी पडून आहे, आणि मी काय लिहितेय ते तिने एकदाही विचारलेलं नाही. तू रागावून का होईना, एवढंच कळव, की तिचं ऐकू की नको. मला एकटीला हे करवत नाही.

तुझी, अजूनही धाकटीच,
ठमी