अनसूयेची ट्रंक परत

सांगली, १२ ऑगस्ट १९९७

चि. नाथाजीस आक्काचा आशीर्वाद, रागासकट.

तुझ्या आजारी बायकोची ट्रंक इथं दवाखान्यात पाठवलीस आणि "बरी झाल्यावर माहेरीच राहा" म्हणून कळवलंस, म्हणून लिहिते.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वाईट चालीनं होतो, हे तुला कुणी शिकवलं? डॉक्टर म्हणाले, तो एका विषाणूनं होतो, आणि तो विषाणू असंख्य बायकांच्या अंगात येतो नि जातो. पण त्याच्यातही बारीक फरक असतात, काही वाण जास्त घातक असावेत. आणि बाईला तो बहुधा नवऱ्याकडूनच येतो. पलटणीत असतानाची तुझी चाल कुणी तपासली?

अनसूया म्हणते, "आक्का, त्यास्नी लय बोलू नगा." अर्धी भाकरी खाते. आईचे गुडघे कसे आहेत?

येत्या मंगळवारी तिला घेऊन येते. औंधच्या स्टँडवर उभा राहा.

तुझा भाचा जयराज याच्या हाती या पत्रासोबत दिलं: डॉक्टरांची चिठ्ठी एक, ट्रंक एक, न उघडलेली. किल्ली अनसूयेच्या कमरेला आहे.

आक्का