मामेचं घर

ग्योतोकु, जपान
९ फेब्रुवारी १९९७, रविवार

अक्का,

नमस्कार मागाहून. आधी भांडण पुरं करू, कारण तू ते अर्धवट टाकून पाकीट चिकटवलंस.

"कासवाला हीटर आणि बापाला गोधडी." वाक्य लिहिलंस ते लिहिलंस, वर खाली दोन रेघा ओढल्यास. मला एक पुरली असती. कासवाच्या घराचा फोटो पाठवला हीच माझी चूक. नंदिनीला मामाची गंमत वाटेल म्हणून पाठवला, तर तू तो गल्लीभर फिरवलास. आणि दाजी म्हणाले म्हणे, "आपल्याच पैशातून बांधलं असेल." दाजींना सांग, त्यात माझा छदाम नाही. लाकूड कारखान्याचं, पत्रा कारखान्याचा, दिवा मालकाचा. माझे फक्त रविवार गेले. नाहीतरी रविवारी मी काय करतो? कपडे धुतो, झोपतो, आणि खोलीतली दोन बांगलादेशी पोरं बटाट्यावरून भांडतात ते ऐकतो.

आणि हीटरचं म्हणशील तर आबांसाठी पैसे मी दिवाळीतच पाठवले होते. हीटर आला. बिल जास्त येतं म्हणून दाजींनी तो माळ्यावर टाकला. मी बोललो नसतो, पण नंदिनीनं लिहिलं. तिला रागावू नकोस.

आता तू विचारलंच आहेस की असं काय त्या कासवाचं एवढं, तर सगळं सांगतो.

आमचे मालक हिरानो-सान. सत्तरीचे आहेत. पत्र्याचे डबे दाबायचा छोटा कारखाना, आम्ही चार कामगार, वरच्या मजल्यावर त्यांचं घर. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे ओकुसान म्हणायचो, म्हणजे आपल्याकडे मालकीणबाई म्हणतात तसं. सप्टेंबरात त्या गेल्या, हे तुला कळवलंच होतं. मी नवा होतो तेव्हा कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा हे त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. कासव त्यांचं. पंधरा वर्षांपूर्वी दुकानातून आणलेलं, मुठीत मावेल एवढं होतं म्हणून नाव मामे, म्हणजे घेवड्याचा दाणा. आता चांगलं परातीएवढं आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या. दुकानदार म्हणाला होता हे हिंदुस्थानातलं, म्हणून मी आल्या आल्या ओकुसाननी ते माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुझ्या गावचं आहे, बोल त्याच्याशी." मी म्हटलं, "काय राव, बरं आहे ना?" तर त्यानं डोकं आत ओढलं. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

त्या गेल्यावर मामे वर मालकांच्या खोलीतच होतं. ऑक्टोबरात एक दिवस मालकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "ते पहाटे चटईवरून चालतं. खर्र, खर्र. ती सपाता घालून उठायची ना, अगदी तसा आवाज. मी दोनदा हाक मारली." मग म्हणाले, "त्याला मागे अंगणात घर बांध. पण थंडी लागता कामा नये. आणि कुणाला देऊन टाकू असं मला सांगू नकोस."

मी कशाला सांगतोय?

कारखान्याच्या मागे ऊन येतं तिथं जागा धरली. दोरी लावली, काटकोनाला गुण्या धरला, घर गुडघ्याएवढं तरी ओळंबा सोडला. मालक म्हणाले, "कासव काय भिंत मोजायला येणार आहे?" त्यांना काय सांगू, आबांसारख्या गवंड्याच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला वाकडी भिंत बांधताच येत नाही. बोटांवर थापी बसलेली आठवते. खाली सिमेंटचे ठोकळे, वर लाकडाची दुहेरी भिंत, दोन फळ्यांच्या मधे मासळीच्या खोक्यांचं थर्माकोल. आठवडाभर असा वास की कारखान्याची मांजर तिथून हलेना. छप्पर पेटीच्या झाकणासारखं उघडतं, दाराला जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्या. आत वरून दिवा, आपल्याकडे पोल्ट्रीत पिल्लांना ऊब द्यायला लावतात तसा. बाहेर एक डबी. आत गार झालं की डबी दिवा लावते, तापलं की विझवते. डबीवर बारीक लाल बत्ती आहे. ती पेटली की समजायचं, ऊब चालू आहे.

एक घोळ मात्र मी केला. आत अर्ध्या जागेत हौद केला. छान घोटून, निळंशार पाणी भरून. आपल्या मळ्यातल्या विहिरीत नाही का कासव सोडलं होतं, पाणी निर्मळ राहावं म्हणून? मला वाटलं कासव म्हणजे पाण्यातलंच. मालकांना बोलावलं, मोठ्या ऐटीत मामेला हौदात सोडलं, आणि ते दगडासारखं तळाला गेलं. मालकांनी बाहीसकट हात खुपसून वर काढलं.

"अरे, हे जमिनीवरचं आहे! याला पोहता येत नाही!"

मी म्हटलं, "आमच्याकडे कासव विहिरीत राहतं."

"मग तू का नाही राहत?"

बाकीचे तिघं अजून मला त्यावरून छळतात. हौदात वाळू भरली.

डिसेंबर चांगला गेला. मालक रोज सकाळ-संध्याकाळ थंड जमिनीवर गुडघे टेकायचे, दाराच्या पट्ट्यांतून खांद्यापर्यंत हात आत घालायचे, थोडा वेळ तसेच राहायचे आणि उठायचे. मी म्हणायचो, कशाला त्रास, बत्ती दिसतेय की. ते गुडघे झटकून वर निघून जायचे.

जानेवारीत ते पुतण्याकडे लांब उत्तरेला गेले. मला म्हणाले, लक्ष ठेव. मी ठेवलं. येता-जाता बघायचो, लाल बत्ती पेटलेली. दारातून कोबी आत सरकवायचो. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचा कोबी तसाच होता. मला वाटलं, मालक दिसत नाहीत म्हणून रुसलं असेल. तिसऱ्या सकाळी मालक परत आले. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, सरळ मागे गेले आणि हात आत घातला.

दिवा उडाला होता, अक्का. कधी उडाला कुणास ठाऊक. डबी बिचारी तिचं काम करत होती, ऊब पाहिजे, ऊब पाहिजे म्हणून बत्ती पेटवून बसली होती. आत बर्फ.

मामे नदीतल्या गोट्यासारखं लागत होतं. मी स्टोव्हकडे धावलो तर मालक म्हणाले, नाही, एकदम नको. माझ्या जाकिटाची चेन त्यांनीच उघडली, स्वेटर वर केला आणि ते माझ्या उघड्या पोटावर ठेवलं. "बस." मी बसलो. दिवसभर माझं मशीन बंद. लघवीला गेलो तेही त्याला घेऊन. असं वाटत होतं की माझ्याच पोटातली सगळी ऊब ते ओढून घेतंय आणि तरी गरम होत नाहीये. दुपार कलल्यावर नखं हलली. पोटावर ओरखडा उठला, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग मान बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, पूर्वी कधी न पाहिल्यासारखं.

मालक ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बत्ती तू रोज बघितलीस. हात घातलास का?"

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं.

एवढा वेळ मी त्या पत्रातल्या वरच्या वाक्याशी भांडतोय, खालच्याबद्दल गप्प आहे. तुझ्या लक्षात आलंच असेल. चार पानं कासवावर घातली ती तिथं पोचायला नको म्हणून. तू लिहिलंस, "आता येऊ नकोस. पैसे कोण पाठवतं म्हणून आबा विचारतात. धीरज म्हटलं की म्हणतात, कोण धीरज?" त्याच्याखाली एकही रेघ नव्हती.

मी ते खिशात घालून मशीनवर उभा राहिलो. दिवसभर डबे दाबले. एकही वाकडा गेला नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं.

आता ऐक. मालक सुट्टी देत नाहीत असं मी तुला वर्षानुवर्षं लिहीत आलो. खोटं आहे. त्या माणसानं मला कधी नाही म्हटलं नाही. माझे कागद ब्याण्णवमध्येच संपले. मी इथं चोरून आहे. पोलीस दिसला की गल्ली बदलतो. घरी यायचं तर सरकारी कचेरीत जाऊन आपणच सांगायचं, ते शिक्का मारतात आणि पाठवतात, मग परत घेत नाहीत. एकदा गेलो की हे काम गेलं, इथला पैसा संपला. तुला सांगितलं असतं तर तू ये म्हणाली असतीस किंवा राहा म्हणाली असतीस, आणि जे म्हणशील ते मला करावं लागलं असतं. त्यापेक्षा मालकांना वाईट ठरवणं सोपं होतं.

परवा त्यांना सांगितलं. ते मशीनला तेल देत होते. मी म्हटलं, वडील आजारी आहेत, पण बहीण म्हणते येऊ नको, ते ओळखणार नाहीत. त्यांनी तेलाचा डबा खाली ठेवला.

"मामे तरी कुठं ओळखतं? ती पंधरा वर्षं हातानं भरवायची. त्याला शेवटपर्यंत पत्ता नव्हता ती कोण." मग हात पुसत म्हणाले, "मानेखाली खाजवलं की मात्र मान लांब करायचं. तिला तेवढं पुरायचं."

मग आम्ही दोघांनी मिळून घरात दुसरा दिवा बसवला, एक उडाला तर दुसरा असावा म्हणून. तारा कशा जोडायच्या ते त्यांना शिकवलं. त्यांची बोटं थरथरतात, पण जमेल.

अक्का, मी येतोय. मंगळवारी कचेरीत जाऊन सगळं खरं सांगणार आहे. त्यांचे कागद व्हायला वेळ लागतो म्हणतात, तरी होळीच्या आत सिन्नरला पोचेन. मला माहीत आहे, आपल्या घराच्या वरच्या खोलीचा स्लॅब अर्धवट राहील. नंदिनीच्या कॉलेजचं मी कबूल केलंय, त्याचं बघू. दाजी बोलतील, तेव्हा तू मधे पडू नकोस, बोलू दे. आठवी नापास माणसाला तिथं कोण काय देणार, पण थापी धरता येते.

आबांना मी येणार असं सांगू नकोस. आल्यावरही मी कोण ते सांगायचं नाही, त्यांना उगाच परीक्षा दिल्यासारखं होतं. गवंडी आलाय म्हण. मी त्यांच्या कॉटजवळ बसेन. पाय चोळीन. गार लागतात का, माझ्या हातानं बघेन. भिंतीबद्दल काही बोलले तर बोलेन, नाहीतर नुसता बसेन. शिव्या दिल्या तरी चालतील, त्यांच्या शिव्या मला पाठ आहेत.

तुझ्यावर सगळं टाकून मी इथं बत्ती बघत बसलो. यावर तुला जे म्हणायचं असेल ते लिहू नकोस, समोर म्हण.

नंदिनीला आशीर्वाद, दाजींना नमस्कार, आणि सुरुवातीला राहिलेला तुलाही.

तुझाच,
धीरज

ता. क. ड्राफ्ट याच पाकिटात आहे. दरवेळेपेक्षा फार कमी वाटेल, घाबरू नकोस, बाकीच्याचं तिकीट काढलं. ड्राफ्ट एकवीसशे रुपयांचा आहे.