काटा साठवरच आहे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतोय, म्हणून तूर्त मनातल्या मनात). तुझी पाठ काय म्हणते? भावोजींचं घोरणं कमी झालं का? इकडे सगळे खुशाल, बाबा तर जरा जास्तच.

बाबांना या वयात एवढी जोरात गाडी चालवू देऊ नकोस म्हणून तू फोनवर रडलीस, ते माझ्या मनाला लागलं. पण त्यांना ‘हळू’ म्हणायची सोय नाही (मागे एकदा म्हणालो, तर भर चौकात मला उतरवून निघून गेले). गावाबाहेर पडलं की काटा साठवर, मग पुढे वळण असो नाहीतर उतार, हा त्यांचा नियम. म्हणून मी काट्यालाच फितवलं. टायर बदलायचेच होते, ते गॅरेजवाल्याकडून जरा लहान घेराचे बसवून घेतले. मीटरला काही रस्ता दिसत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. घेर कमी झाला की एका फेऱ्यात गाडी कमी सरकते, मीटर मात्र जुनाच घेर धरून बसलेला. काटा साठ म्हणतो तेव्हा गाडी जेमतेम पंचावन्नला असते. बाबा खूश, आणि वळणावर मला हल्ली देव आठवत नाही.

पण वेग फुगवणारं मीटर अंतरही फुगवतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मागच्या महिन्यात तुझ्याकडून परतल्यावर बाबा मीटरकडे बघत म्हणाले, “पोरीचं घर लांब चाललंय रे.” खरं सांगावं तर टायर जाणार, माझ्यावरचा विश्वास जाणार आणि पुन्हा खरे साठ. तेव्हापासून त्यांचं लक्ष मीटरवर जाऊ नये म्हणून मी दर फेरीला शेजारी बसून अखंड बडबडतो. घसा पार बसलाय.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम हे, की रविवारी आम्ही येतोय. बाबांनी अंतराचा विषय काढला तर रस्त्याचं काम चाललंय, वळसा पडतो, असं बिनधास्त ठोकून दे.

ता. क. पाकीट बाबांकडेच देतोय, ते पोस्टाकडेच निघालेत. (डिंक सापडेना, पण ते दुसऱ्याची पत्रं वाचत नाहीत.)

ता. क. पोरी, अक्षर ओळखलंस ना? इतकी वर्षं ही गाडी मी हातानं धुतोय, मला टायर कळणार नाहीत? काटा पासष्टवर न्यायला मला काय लागतं! पण हा पूर्वी माझ्या गाडीत बसायचं म्हटलं की कामं काढायचा. आता शेजारी बसून वाटभर बोलतो. म्हणून साठवरच ठेवतो. रविवारी मी विचारलं, की वळशाचंच सांग.